स्ट्रॅटफर्डचे मासे, स्टेडियम आणि माझं पोहणं

स्ट्रॅटफर्ड स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर रस्त्यापलीकडे उंच खांबांवर धातूची मोठमोठी पानं लावलेली दिसतात, पानं म्हणजे खरं तर मासे, टायटॅनियमच्या माशांचा थवा आहे तो, ऊन पडलं की कधी पिवळे कधी हिरवट चमकतात. मला पहिल्या दिवशी फार आवडलं. मी फोटो काढले, बहिणींच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी वॉव केलं. संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, तू माशांचे फोटो काढलेस, पण ते कशासमोर उभे केलेत ते बघितलंस का?" माशांच्या मागे सत्तरच्या दशकातलं जुनं शॉपिंग सेंटर आहे, विटकं, बुटकं, आतमध्ये बाजार भरणारं. २०१२ च्या ऑलिम्पिकला जगभरातली माणसं या स्टेशनात उतरणार आणि त्यांना समोर हे ध्यान दिसणार, म्हणून पुढे मासे उभे केले असं इथले लोक सरळ सांगतात. पाहुणे येणार म्हणून आपण नाही का पसाऱ्यावर चादर टाकत, तसंच. फक्त ही चादर टायटॅनियमची आणि पाहुणे जाऊन एवढी वर्षं झाली तरी ती काढलेली नाही.

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय आणि हे लिहायला घेतलंय. बाकी लंडन मी एका ओळीत संपवते: राजवाडा बघितला, थेम्स बघितली, पाय दुखले, कोहिनूर बघून ह्यांचं रक्त उसळलं, पाऊस. झालं.

लेक-जावई मेरीलँडला राहतात. नाव अमेरिकेतलं वाटतं पण हे पूर्व लंडनमधलं स्ट्रॅटफर्डच्या पुढचंच स्टेशन आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडं विचारू नका, मी विचारलं आणि त्या दिवशी चहा गोड लागला नाही. जावई म्हणतात, "आई, हा भाग पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणी फुकट दिला तरी घेत नव्हतं." ते थोडं वाढवून बोलतात, पण मी नंतर बरंच वाचलं, लेकीच्या शेजारच्या आजोबांशी बोलले, आणि अगदीच खोटं नाही म्हणायचं.

ली नावाची नदी इथे थेम्सला मिळायच्या आधी पाचसहा फाटे फोडते. त्या फाट्यांच्या मधल्या जमिनीवर गेली दीडशे वर्षं शहराला जे जवळ नको ते सगळं आणून ठेवलेलं, रसायनांचे कारखाने, भंगार, गॅस, डांबर. विजेचे मोठे टॉवरच ५२ होते. जुन्या फ्रीजचा एक डोंगर होता म्हणे, खराखुरा डोंगर, शेजारचे आजोबा हात वर करून दाखवत होते. २०१२ चं ऑलिम्पिक कुठे भरवायचं याचं जुलै २००५ मध्ये सिंगापूरला मतदान झालं, लंडनने पॅरिसला ५४ विरुद्ध ५० ने हरवलं, आणि त्यात लंडनचा मोठा मुद्दा हाच होता की आम्ही खेळ अशा ठिकाणी भरवू की त्यामुळे शहराचा सगळ्यात मागे पडलेला कोपरा वर येईल. मग तारा जमिनीखाली गेल्या, लाखो टन माती उकरून, अक्षरशः धुवून परत टाकली. मातीचं हॉस्पिटल म्हणायचे त्या जागेला. दोनशेच्या आसपास धंदे उठवले, क्लेज लेन नावाची एक सोसायटी होती, चारशेच्या वर माणसं राहायची, ती २००७ मध्ये पाडली. शंभर वर्षं लोक भाजी लावत होते असे मळ्याचे तुकडे होते, तेही गेले. म्हणजे मोकळी जमीन कुठे नव्हतीच, ओसाड म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा कुणाचं तरी असतंच, फक्त त्याच्याकडे चांगला फोटो नसतो.

आमचे हे लालबागचे, सासरे गिरणीत साच्यावर होते, ८२ च्या संपानंतर घरी बसले. त्यामुळे कुठेही जुन्या कारखान्याच्या जागी काचेचा मॉल बघितला की ह्यांचा चेहरा बदलतो. इथे तर ऑलिम्पिक पार्कात जायचा मुख्य रस्ताच मॉलमधून जातो! स्टेशनातून बाहेर या, पुलावर चढा, मॉल, मॉल, आणखी मॉल, मग पार्क. २०११ मध्ये ऑलिम्पिकच्या आधी वर्षभर मॉल उघडला, म्हणजे प्रेक्षक आपोआप दुकानांतूनच जाणार अशी सोय. हे म्हणाले, "फिनिक्सलासुद्धा एवढं धाडस झालं नसतं." सासरे शेवटपर्यंत फिनिक्सच्या आत गेले नाहीत, रस्त्याच्या पलीकडून चालायचे. हे मात्र आत जाऊन मोजे घेऊन आले, सेल होता.

पार्क मात्र सुंदर आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नदीचे फाटे साफ केलेत, काठाने गवत, रानफुलं, बाक भरपूर (हे बाकांचं मी मुद्दाम लिहितेय, आपल्याकडे पन्नाशीनंतरच्या माणसाला कुठे बसायचं हा प्रश्नच असतो). मध्येच ऑर्बिट नावाचा लालभडक पोलादी गुंता उभा आहे, ११४.५ मीटर उंच, आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरने सेसिल बालमंड नावाच्या इंजिनियरबरोबर केलेला, पैसे बहुतेक पोलादवाल्या मित्तलांचे. त्याला नंतर घसरगुंडी जोडली, १७८ मीटर लांब. मी खालूनच बघितला. मला तो गुंता काही कळला नाही पण लहान मुलं त्याच्याकडे बघून हसत होती, मग असू दे.

आता मुख्य गोष्ट.

मी दादरची. शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावावर पोहायला शिकले, चौथीत असताना, मे महिन्याच्या बॅचला. ज्यांनी महापालिकेच्या तलावात पोहायला शिकलंय त्यांना सांगायला नको, डॉक्टरचं सर्टिफिकेट, दोन फोटो, रांग, पायाच्या तळव्याला चटका देणारी फरशी आणि बॅच संपायच्या आधी पाच मिनिटं सुरू होणारी शिट्टी. तरी तो तलाव आमचा होता. कुणाची मुलगी, कुठे राहता, असं कुणी विचारत नव्हतं. पाचेक दशकं झाली, अजून पाणी बघितलं की मला राहवत नाही.

तर लेक म्हणाली, ऑलिम्पिकचा पूल सगळ्यांना खुला आहे, जाऊन पोहून ये. मला वाटलं थट्टा करतेय. मायकेल फेल्प्सने जिथे चार सुवर्ण आणि दोन रौप्य घेतली तिथे मी, गुडघ्याला पट्टा लावून? पण खरंच आहे. झाहा हदीद या बाईंनी ती इमारत काढली, इराकमध्ये जन्मलेल्या, छत बघाल तर लाटेसारखं आहे, १६० मीटर लांब आणि टेकलंय फक्त तीन ठिकाणी. ऑलिम्पिकच्या वेळी दोन्ही बाजूंना पंख लावल्यासारखे तात्पुरते स्टँड होते, साडेसतरा हजार माणसं बसायची. खेळ संपल्यावर पंख काढून टाकले, तिथे काचा लावल्या, आता अडीच हजार जागा, आणि मार्च २०१४ पासून कुणीही तिकीट काढून जावं. तिकीट दहा पौंडांच्या आत. मी रुपयात गुणाकार केला, लेक ओरडली की आई इथे रुपये करायचे नाहीत, पण इथल्या हिशेबाने म्हणाल तर साध्या गल्लीतल्या पूलएवढेच पैसे. ठरवूनच तसे ठेवलेत.

सर्टिफिकेट नाही, फोटो नाही. एका पोरीने बँड दिला आणि म्हणाली एन्जॉय.

आत गेले आणि उभीच राहिले. काचांमधून ढगाळ उजेड आत येतो, छताखाली लाकडाची पट्टी पट्टी, टोकाला डायव्हिंगचे ते काँक्रीटचे जिभेसारखे बाहेर आलेले प्लॅटफॉर्म, आणि पाणी... निळं, स्वच्छ, खाली तळाची काळी रेघ अगदी सरळ शेवटपर्यंत. मुख्य तलाव तीन मीटर खोल आहे. तळ यंत्राने वर-खाली करता येतो, मधला आडवा पूल सरकवून लांबी कमी-जास्त करता येते, म्हणजे सकाळी शाळेची मुलं, दुपारी म्हातारी माणसं, संध्याकाळी स्पर्धावाले, त्याच तलावात.

आणि माणसं कोण तर माझ्याच लेनमध्ये, म्हणजे स्लो लेनमध्ये, दोन बांगलादेशी बायका अंगभर काळा पोहण्याचा पोशाख घालून एकमेकींशी गप्पा मारत ब्रेस्टस्ट्रोक करत होत्या, त्यांच्या मागे एक अतिशय जाड गोरे आजोबा पाठीवर तरंगत, शेजारच्या लेनमध्ये शाळेतली मुलं, काळी गोरी सावळी सगळी, आणि त्यांच्यावर ओरडणारी शिक्षिका, तिचा आवाज थेट आमच्या दादरच्या कोचसारखा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी पाण्यात उतरले, गॉगल लावला, पहिली लांबी केली तेव्हा मधेच श्वास चुकला कारण मला रडायला येत होतं. पन्नास मीटर म्हणजे किती असतात ते या वयात कळतं! दुसऱ्या टोकाला धरून उभी राहिले तर त्यातली एक बांगलादेशी बाई म्हणाली, "फर्स्ट टाइम?" मी म्हटलं, इथे हो. मग तिने सांगितलं की ती चाळिशीनंतर इथेच पोहायला शिकली, तिच्या मुलीला इथल्या शाळेच्या तासात आणायचे, ही वर काचेपाशी बसायची, वर्षभर बसल्यावर म्हटलं आपणही उतरावं. "माय डॉटर स्टॉप्ड. आय डिडन्ट," असं म्हणून ती परत गेली काळ्या रेघेवरून.

मी किती लांब्या केल्या ते सांगत नाही, कमीच केल्या. पण तिथून निघाल्यावर पार्काच्या बाकावर केस वाळवत बसले आणि पहिल्यांदा वाटलं की एवढे ९.३ अब्ज पौंड (तेवढं सरकारी बजेट होतं ऑलिम्पिकचं) त्यातला निदान हा तुकडा तरी माशांच्या मागच्या माणसांपर्यंत पोचलाय. शनिवारी सकाळी मात्र जाऊ नका. लहान मुलांचे क्लास असतात आणि चेंजिंग रूममध्ये एकेका लॉकरसाठी जे चालतं ते विरार लोकलच्या दारात शोभावं.

तलावापासून थोडं चाललं, पूल ओलांडला की स्टेडियम. जावईबापूंचं वेस्ट हॅम, म्हणजे इथला फुटबॉल क्लब. मुलुंडचा मुलगा, इथे येऊन चार वर्षांत या टीमचा एवढा भक्त झालाय की लेक म्हणते लग्नात मला कळलं असतं तर. त्यांनी आमची दोन तिकिटं काढली, संध्याकाळची मॅच, किंमत सांगितली नाही, मी लेकीकडून काढून घेतली, घरातली आठवड्याची भाजी आणि वर मासे येतील एवढी.

स्टेडियम भव्य आहे. याच ठिकाणी उसेन बोल्ट शंभर मीटर ९.६३ सेकंदांत पळाला. पण ते धावपटूंसाठी बांधलेलं आणि फुटबॉल नंतर आत आणलेला, त्यामुळे मधल्या ट्रॅकच्या पलीकडे प्रेक्षक. खालच्या खुर्च्या पुढे ओढता येतात तशी सोय केली पण ती पुढेमागे करायलाच दरवर्षी लाखो पौंड लागायला लागले. खेळाडू लांब दिसतात ही इथल्या प्रत्येक पाठीराख्याची तक्रार, आमच्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ दुर्बीण घेऊन आले होते. मूळ बेत वेगळाच होता, ८०,००० खुर्च्यांचं स्टेडियम खेळानंतर कापून २५,००० चं अॅथलेटिक्सचं करायचं. मग बेत बदलला, रूपांतराचाच खर्च ३२.३ कोटी पौंडांवर गेला, त्यात क्लबने दिले दीड कोटी. ९९ वर्षांचा करार, भाडं वर्षाला २५ लाखांच्या आसपास. २०१६ मध्ये करार बाहेर आला तेव्हा कळलं की स्टुअर्ड (गर्दी सांभाळणारी माणसं), मैदानाची देखभाल, गोलचे खांब, एवढंच काय कोपऱ्यातले झेंडेसुद्धा जनतेच्या पैशातून. ह्यांना हे सांगितल्यावर मॅचभर ते कोपऱ्यातल्या झेंड्याकडे बघत होते.

पण मला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खुपली. आत सगळं आहे. बियर, बर्गर, चिप्स, टीशर्ट, लहान बाळाला बदलायची जागा, स्वच्छ टॉयलेट (बायकांची रांगसुद्धा नव्हती, ही नोंद मी इतिहासासाठी करून ठेवतेय). स्टेशनपासून मॉल, मॉलपासून पूल, पुलापासून गेट. साठ हजार माणसं घरून येतात, खातात पितात ओरडतात आणि परत जातात, आणि या सगळ्यात जुन्या स्ट्रॅटफर्डमधल्या एका माणसाच्याही दुकानावरून त्यांना जावं लागत नाही. मॅच सुटल्यावर स्टुअर्ड थांबा आणि चला अशा पाट्या धरून गर्दी तुकड्यातुकड्याने सोडतात, ते बरोबरच आहे, चेंगराचेंगरी नको. पण वाटेत एखादी गल्ली नाही, कोपऱ्यावरचा चहा नाही, "चला रे इकडून जाऊ" अशी शॉर्टकटची मजा नाही. चालत राहायचं.

म्हणून दोन दिवसांनी मी जावयांना म्हटलं, तुमचं जुनं मैदान कुठे होतं ते दाखवा. अप्टन पार्क, ग्रीन स्ट्रीट. बसने गेलो.

बसमधून उतरल्या उतरल्या मला घरी आल्यासारखं झालं, कारण साड्या! काचेत उभ्या केलेल्या पुतळ्यांना घागरे, सोनाराची दुकानं, मिठाई, मसाले, गुजराती बायकांची घासाघीस, क्वीन्स मार्केटमध्ये भाज्यांचे ढीग, कारली, अळूची पानं, हो अळूची पानं! मी दोन जुड्या घेतल्या. या रस्त्यावर १९०४ पासून २०१६ पर्यंत वेस्ट हॅमचं मैदान होतं. ३५,००० माणसं. मे २०१६ मध्ये शेवटची मॅच मँचेस्टर युनायटेडशी, ३-२ ने जिंकली. आता तिथे आठशेच्या वर घरांची वसाहत उभी आहे, नवी कोरी, बाल्कन्या, कुंड्या. कोपऱ्यावर बार्किंग रोडला १९६६ च्या वर्ल्डकपवाल्यांचा पुतळा, बॉबी मूर कप उंचावतोय खांद्यावर बसून. जावई तिथे एकदम गप्प झाले. ते आले त्याच्या कितीतरी आधी मैदान पाडलेलं, एकही मॅच त्यांनी तिथे बघितलेली नाही. तरीही गप्प.

अळू घेतलं त्या दुकानातले काका पंजाबी, तीसेक वर्षं तिथेच. मी विचारलं फुटबॉल गेल्यावर कसं? ते म्हणाले, खरं सांगू का, सुरुवातीला आम्हाला ते लोक नकोच होते, मॅचच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढायचो, दारू पिऊन यायचे, कुणी काही बोलायचं, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गोष्टी तर माझ्या थोरल्या भावाकडून ऐका. मग हळूहळू तेच लोक समोसे घ्यायला लागले. मॅचच्या दिवशी चारशे-पाचशे समोसे. नावं माहीत झाली. "अब शनिवार भी सोमवार जैसा है जी." मैदानाच्या जवळची पाय (मांस भरून भाजलेला खाऱ्या पेस्ट्रीचा प्रकार) विकणारी दुकानं, कॅफे, पब यांचं तर त्या एका दिवसावरच भागायचं, त्यातली काही बंद झाली. मी म्हटलं, मग आता शांतता आहे ना. म्हणाले, हो, शांतता बहुत है.

आता बघा, ग्रीन स्ट्रीटच्या मैदानाला कुणी अब्जावधी पौंड खर्चून विकासाचं केंद्र वगैरे म्हटलं नव्हतं. मैदान अडचणीत होतं, आतमध्ये धड खायला मिळत नव्हतं, टॉयलेटची बोंब, आणि म्हणूनच लोक बाहेर खायचे! म्हणूनच समोसे खपायचे. नव्या ठिकाणी सगळी सोय आत नेली, उत्तम सोय, आणि शेजार उपाशी. हे मी जावयांना सांगितलं तर ते म्हणाले आई, तुम्ही टॉयलेटची रांग विसरताय. विसरले नाही. टॉयलेट ठेवा की. पण बर्गर बाहेर विकू द्या.

त्या मॅचच्या रात्रीचंच आणखी एक राहिलं. मॅच संपून आम्ही स्टेशनपर्यंत आलो तेव्हा अकरा वाजत आले होते. मेरीलँडला चालत जायचं तर जावई म्हणाले जुन्या सेंटरमधून जाऊ, आतून रस्ता आहे. माशांच्या मागचं ते. दुपारी मी तिथून एक पौंडाला वाडगाभर भेंडी, वाडगाभर मिरच्या घेतलेल्या, इथे वजनावर नाही, स्टीलच्या वाडग्यात ढीग लावतात आणि ओततात पिशवीत. तेव्हा गजबज होती, नायजेरियन बायका रताळी निवडत होत्या. रात्री दुकानं बंद, पण मधला रस्ता उघडा, कारण तो सार्वजनिक वहिवाटीचा आहे, त्याला कुलूप घालता येत नाही. दिवे चालू. आणि बंद शटरच्या कडेने माणसं झोपलेली. स्लीपिंग बॅग, पुठ्ठे, एकाच्या डोक्याशी नीट घडी केलेला शर्ट. आणि मधल्या गुळगुळीत फरशीवर तरणी पोरं रोलर स्केट्स घालून गोल गोल फिरत होती, स्पीकरवर गाणं लावून, फार मोठ्याने नाही. झोपलेल्यांच्या पायापाशी आलं की वळण घ्यायची. आम्ही त्या दोघांच्या मधून चाललो. पाठीमागून वेस्ट हॅमचे मफलर घातलेली दोनचार माणसं, तेही हळू बोलत.

ह्यांनी विचारलं, ही मुलं रोज येतात? जावई म्हणाले बरीच वर्षं चालू आहे, पुण्यातला त्यांचा एक मित्रही इथेच स्केटिंग शिकला. दादर स्टेशनवर, पुलाखाली झोपलेली माणसं मी आयुष्यभर बघितलीत, मला त्याचं नवल नाही. पण अर्ध्या तासापूर्वी मी ज्या खुर्चीवर बसले होते तिथून इथे चालत पंधरा-वीस मिनिटं. एवढं मोठं कुणीतरी बांधलं, आणि ज्यांच्या नावाने मागून घेतलं त्यांच्यासाठी उरलं काय, तर कुलूप न लावता येणारा एक रस्ता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कार्पेंटर्स इस्टेट बघायला गेले, पार्काच्या अगदी कडेला, सरकारी घरांची साठच्या दशकातली वसाहत, तीन उंच टॉवर. पालिकेने ती रिकामी करत आणली होती. ऑलिम्पिकच्या वेळी त्यातल्या एका टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून बीबीसी आणि अल जझीराने कार्यक्रम दाखवले, वरून स्टेडियम छान दिसायचं ना. २०१३ मध्ये जवळच्या हॉस्टेलमधल्या २९ तरुण आयांना बाहेर काढायच्या नोटिसा आल्या, मँचेस्टर, बर्मिंगहॅमला जा म्हणाले. त्या पोरींनी २०१४ मध्ये या इस्टेटमधले रिकामे फ्लॅट ताब्यात घेतले आणि फलक लावला, या माणसांना घरं हवीत, या घरांना माणसं हवीत. पुढे २०२१ मध्ये रहिवाशांचं मतदान झालं, ७३ टक्के लोक पुनर्विकासाला हो म्हणाले. मी गेले तेव्हा तिथे पत्रे, क्रेन, एक म्हातारी कुत्र्याला घेऊन. तिला काही विचारायचा धीर झाला नाही, आमच्या लालबागच्या चाळींबद्दल मला कुणी येऊन विचारलं असतं तर मीही आत जाऊन दार लावलं असतं.

पार्काच्या दुसऱ्या बाजूला खेळाडूंच्या निवासाची २,८१८ घरं आहेत, निम्मी जराशी परवडणारी, बाकी निम्मी कतारच्या पैशाने घेतलेली. तिथे झाडं आहेत, शाळा आहे, शुकशुकाट आहे. शेजारी स्ट्रॅटफर्ड इंटरनॅशनल स्टेशन आहे जिथे एकही इंटरनॅशनल गाडी थांबत नाही. हे आजतागायत हसतायत.

शेवटी व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियमचं स्टोअरहाऊस, म्हणजे गोदामच, २०२५ च्या मे अखेरीस उघडलं, फुकट. ऑलिम्पिकच्या पत्रकारांसाठी बांधलेल्या इमारतीत आहे. फळ्याफळ्यांवर अडीच लाख वस्तू, आणि मधोमध आग्र्याच्या किल्ल्यातले संगमरवरी खांब, ह्यांचं परत कोहिनूर सुरू. मला मात्र दुसरंच दिसलं, रॉबिन हूड गार्डन्स या जवळच्याच पाडलेल्या सरकारी वसाहतीचा एक तुकडा, काँक्रीटचा दर्शनी भाग, तसाच्या तसा कापून आणून उभा केलेला. दोन शाळकरी मुली त्याच्यासमोर सेल्फी घेत होत्या, एकीने दुसरीला म्हटलं की माझी नानी असल्याच घरात राहते. मग कॅफेत गेल्या. आम्हीही गेलो, हॅकनी विकच्या बाजूला, एका ठिकाणी दोन कॉफी आणि एक केक, बिल बघून मी तो केक पिशवीत गुंडाळून घरी आणला आणि तीन जणांनी खाल्ला.

परत येऊन महिना झाला. काल लेकीचा फोन होता, घरमालकाने करार नवीन करताना भाडं एवढं वाढवलंय की त्यांनी आता पूर्वेला बार्किंगकडे घरं बघायला सुरुवात केलीय. कारण काय दिलं, तर भाग सुधारतोय. जावई म्हणतात स्टेडियम लांब पडेल. मी विचारलं, तिकडे पोहायचा तलाव आहे का? आहे म्हणे, पंचवीस मीटरचा.